तारवातील मोलकरी
(अभ्यासपाठ : मार्क १:१६-२०)

हा उतारा आपण पुष्कळदा वाचतो. पण त्यातील मोलकऱ्यांकडे आपले लक्ष जात नाही. याकोब व योहान निघाले, तेव्हा त्यांचा पिता जब्दी मोलकऱ्यांसह तारवातच राहिला. म्हणजे गालील समुद्रावरही तारवाचे धनी आणि मजुरीने राबणारे असे दोघे होते.

आपल्या किनाऱ्यावरही मासळी विकली की आधी डिझेल, बर्फ व शिध्याचा खर्च वजा होतो. मग होडी-जाळ्यांचा वाटा. समजा, लाखाची मासळी आली, साठ हजार खर्च झाला आणि उरलेल्यातील निम्मे होडी-जाळ्यांना गेले, तर पाच खलाशांना प्रत्येकी चार हजार मिळतात. मासळी साठ हजारांचीच मिळाली, तर काहीच नाही. नाखवाही कर्जात असतो, हे खरे. पण होडी त्याची असते.

डहाणू-तलासरीकडील पुष्कळ आदिवासी बांधव गुजरातच्या बोटींवर खलाशी म्हणून जातात. जून-जुलैत मासेमारी बंद असते. तेव्हा घेतलेली उचल पुढच्या हंगामात फेडावी लागते. बोट सागरी सीमेवर पकडली गेली, तर खलाशी पाकिस्तानच्या तुरुंगात जातो आणि घरची कमाई थांबते.

म्हणून मदत करताना ‘मच्छीमार आहात का?’ एवढेच विचारून भागत नाही. होडी कोणाची, उचल किती, हिशेब कोण लिहितो, हेही विचारावे. आपल्या मंडळीत कोणी नाखवा असेल, तर त्याने प्रत्येक फेरीचा हिशेब खलाशांना वाचून दाखवावा. सुरुवात तेथून होऊ शकते.