पुनःप्रतिष्ठा : विधी व अर्थ

देवालय अथवा देवमूर्ती दूषित झाली असता शास्त्रोक्त संस्कारांनी तेथील देवत्व पुन्हा जागृत करणे, यास ‘पुनःप्रतिष्ठा’ म्हणतात. पंढरपूरचे काशीनाथशास्त्री उपाध्ये यांनी अठराव्या शतकात रचलेल्या ‘धर्मसिंधु’ ग्रंथात हा विषय आला आहे. मूर्ती भंगणे, अग्नीने जळणे, स्थानापासून ढळणे, तसेच दीर्घकाळ पूजेविना राहणे ही तिची निमित्ते होत. दोष अल्प असल्यास मंत्रोदकाच्या प्रोक्षणाने शुद्धी होते; दोष मोठा असल्यास प्रतिष्ठाविधी नव्याने करावा लागतो.

आरंभी गणेशपूजन व पुण्याहवाचन होते. त्यानंतर पंचगव्य व पंचामृताने स्नपन, मग जलाधिवास, धान्याधिवास व शय्याधिवास असा क्रम असतो. होम, न्यास व प्राणप्रतिष्ठा झाल्यावर महापूजा, नैवेद्य व आरती होऊन दर्शन सुरू होते. जीर्णोद्धाराच्या काळात देवतेचे तत्त्व कलशात आवाहन करून त्याची नित्य पूजा करतात. त्यामुळे उपासनेत खंड पडत नाही.

या संदर्भात गोव्यातील श्री सप्तकोटेश्वराचा इतिहास चिंतनीय आहे. कदंब राजांच्या या आराध्यदैवताचे देवालय दिवाडी बेटावर होते. सोळाव्या शतकात पोर्तुगीज राजवटीत ते पाडण्यात आले. तेथील शिवलिंग विहिरीच्या कामी वापरले गेले, अशी परंपरा सांगते. पुढे भाविकांनी ते गुप्तपणे नदीपार डिचोली परिसरातील नार्वे येथे नेऊन त्याची स्थापना केली. छत्रपती शिवाजी महाराजांच्या आज्ञेने शके १५९० (इ. स. १६६८) मध्ये तेथे देवालयाचे काम आरंभिल्याची नोंद शिलालेखात आहे. गोवा शासनाने केलेल्या जीर्णोद्धारानंतर ११ फेब्रुवारी २०२३ रोजी हे मंदिर पुन्हा भाविकांसाठी खुले झाले.

देवालय पडले, स्थान सुटले, पाषाणाची विटंबना झाली. तरी श्रद्धा अभंग राहिल्याने देव पुन्हा देव्हाऱ्यात आला. मात्र शास्त्राने मूर्तिभंगाच्या पंक्तीतच पूजेचा खंडही बसविला आहे, हे विसरता कामा नये. परचक्राने होणारी हानी आपल्या हाती नसते. उपेक्षेने होणारी हानी मात्र टाळता येते. प्रतिष्ठेचा सोहळा काही दिवसांत संपन्न होतो. त्यानंतरचे पावित्र्य रोजच्या पूजेने, स्वच्छतेने व दिवाबत्तीनेच टिकते. म्हणून शिखराच्या कलशासाठी दिलेली देणगी जितकी पुण्यप्रद, तितकीच नंदादीपाच्या तेलासाठी दिलेलीही होय.

॥ शुभं भवतु ॥