जुन्या मोटारीचे ऑईल जाते कुठे?



दसऱ्याच्या सायंकाळी कोल्हापूरच्या दसरा चौकात छत्रपती घराण्याची जुनी मेबॅक मोटार येते, तेव्हा अनेकांच्या नजरा तिच्यावर खिळतात. अशा जुन्या मोटारी चालत्या ठेवणे सोपे नसते. त्यांचे सुटे भाग दुकानात सहजासहजी मिळत नाहीत. पुष्कळदा घडवून घ्यावे लागतात. म्हणून इंजिन खोलण्यापूर्वी दोष कोठे आहे हे ओळखणे महत्त्वाचे. जुन्या इंजिनांची एक नेहमीची तक्रार घेऊ : ‘गाडी ऑईल खाते.’

समजा, चार सिलिंडरच्या एका गाडीला दर १००० किलोमीटरला १ लिटर ऑईल वरून घालावे लागते. ताशी ४० किलोमीटर वेगाने या प्रवासाला २५ तास लागतील. इंजिनाचे मिनिटाला २००० फेरे धरले, तर एकूण फेरे ३० लाख. चार स्ट्रोकच्या इंजिनात प्रत्येक सिलिंडरमध्ये दोन फेऱ्यांत एकदा ज्वलन होते. म्हणजे चारही मिळून ६० लाख ज्वलने. १ लिटर म्हणजे १० लाख घन मिलिमीटर. भागाकार करा. दर ज्वलनामागे एक घन मिलिमीटरचा सहावा हिस्सा! एक थेंब ५० घन मिलिमीटरचा धरला, तर तो ३०० ज्वलनांना पुरेल. इतकी सूक्ष्म गळती नुसत्या डोळ्यांनी कशी दिसणार? म्हणून तर्काने जायचे.

पहिला प्रश्न : ऑईल गळते की जळते? गाडी सपाट जागी उभी करून रात्रभर खाली कागद पसरा. काही गळती इंजिन तापल्यावरच होते, म्हणून गाडी फिरवून आणल्यावरही खालची बाजू तपासा. दोन्ही वेळा कोरडे असेल, तर धुराकडे पाहा. जळक्या ऑईलचा धूर निळसर दिसतो. त्यातील अतिसूक्ष्म कण निळा प्रकाश अधिक विखुरतात. उदबत्तीच्या टोकाचा धूर काळ्या कापडासमोर धरलात, तर तोही तसाच निळसर दिसेल.

दुसरा प्रश्न : ऑईल सिलिंडरमध्ये शिरते कोठून? वाटा मुख्यतः दोन. खालून, झिजलेल्या पिस्टन रिंगांजवळून. किंवा वरून, झडपेचा दांडा ज्यात सरकतो त्या सैल झालेल्या गाईडमधून. येथे पन्हाळ्याचा घाट आपली प्रयोगशाळा होऊ शकेल. घाट उतरताना गाडी गिअरमध्ये असते, पण ॲक्सिलरेटरवर पाय नसतो. हवेची वाट जवळजवळ बंद असल्याने सिलिंडरकडे जाणाऱ्या नळीतील दाब वातावरणापेक्षा बराच कमी होतो आणि सैल गाईडमधून ऑईल आत ओढले जाते. पायथ्याशी ॲक्सिलरेटर दाबताच निळ्या धुराचा लोट आला, तर संशय गाईडवर. उलट, घाट चढताना, इंजिनावर भार असताना धूर सतत येत असेल, तर संशय रिंगांवर.

आता संशयाची परीक्षा. स्पार्क प्लगच्या जागी दाबमापक लावून प्रत्येक सिलिंडरचा दाब मोजतात. तो कमी आला, तर आत चमचाभर ऑईल घालून पुन्हा मोजतात. ऑईल रिंगांभोवतीची फट तात्पुरती बुजवते, झडपेची नाही. म्हणून दाब चांगला वाढला, तर रिंगा किंवा सिलिंडर झिजले आहे. वाढला नाही, तर झडप नीट बसत नसेल किंवा गॅस्केट गेले असेल.

मात्र सावध राहा! पहिलाच दाब उत्तम आला, तरी रिंगा निर्दोष ठरत नाहीत. ऑईल खरवडून काढणारी रिंग वेगळी असते. दाब धरणाऱ्या रिंगा चांगल्या असूनही ती जाम झालेली असू शकते. अशा वेळी घाटातील धुराची साक्ष पुन्हा विचारात घ्यावी लागते.

ज्या चाचणीचे उत्तर दोन कारणांसाठी वेगवेगळे येते, तीच चाचणी उपयोगाची. पान्हा हाती घेण्यापूर्वी असा प्रश्न विचारणारा मेस्त्री खरा शास्त्रज्ञच म्हणायला हवा. तुमच्या घरचा पंप किंवा सायकल बिघडली, तर खोलण्यापूर्वी संभाव्य कारणे कागदावर लिहा आणि त्यांना वेगळे करणारी एक चाचणी शोधा.