पहिला सीन : एक फुल, एक हाफ

आमच्या ग्रुपने गॅदरिंगसाठी पंधरा मिनिटांची रोमँटिक कॉमेडी करायचं ठरवलं आणि स्क्रिप्ट माझ्या गळ्यात पडली. पहिला सीन मी एका रात्रीत लिहिला. जळगावच्या बसस्टँडवर हिरोला हिरोईन दिसते, तो तिच्या मागे मागे फिरतो, ती चिडते, मित्र शिट्ट्या मारतात, मागे गाणं. रूमवर सगळे जाम हसले! मग जी हिरोईन होणार होती तिला वाचायला दिला. दोन पानं वाचून ती म्हणाली, "अरे, हे माझ्याबरोबर स्टँडवर महिन्यातून दोनदा होतं. मला कधी हसू आलेलं नाही." आणि कागद परत.

दोन दिवस मला राग आला होता. मग वाटलं, आधी बघू तरी की चांगल्या पिक्चरमध्ये सुरुवात कशी करतात.

या प्रकारातला सगळ्यांचा आजोबा म्हणजे फ्रँक काप्राचा 'इट हॅपन्ड वन नाइट'. साल १९३४, मुख्य पाचही ऑस्कर याच एका पिक्चरला. आपल्याकडे राज कपूर-नर्गिसचा 'चोरी चोरी' (१९५६) आणि आमिर खानचा 'दिल है कि मानता नहीं' (१९९१) त्याच्यावरूनच निघाले. त्यात काय होतं? श्रीमंत बापाची मुलगी बोटीवरून पाण्यात उडी मारते, कारण तिला नवऱ्याकडे न्यूयॉर्कला जायचंय. हिरो पत्रकार, त्याची नोकरी नुकतीच गेलीय. दोघं रात्रीच्या बसमध्ये भेटतात आणि कशावरून भांडतात? सीटवरून! प्रेमाचा पत्ताच नाही. पण भेटायच्या आधीच दोघांनाही काहीतरी हवंय, आणि आता एकाच सीटमुळे ते अडकलेत.

मराठीत सतीश राजवाडेंचा 'मुंबई-पुणे-मुंबई' (२०१०) घ्या. ती मुंबईहून पुण्याला येते ती स्थळ नाकारायला, आणि अनोळखी मुलाला पत्ता विचारते. म्हणजे तीसुद्धा आपल्या कामाला निघालेली आहे. माझ्या सीनमध्ये हिरोईनला कामच नव्हतं! ती स्टँडवर फक्त दिसायला उभी होती. चूक तिथे होती, शिट्ट्या नंतरच्या.

म्हणून नवीन सीन बसमध्ये घेतला. जळगाव ते धुळे साधारण ९० किलोमीटर. पाळधी, एरंडोल, पारोळा करत एसटी जाते. आपल्यातले अर्धे लोक या रोडवर अपडाऊन करून मोठे झालेत. हिरो धुळ्याला घरी चाललाय, दोन विषय राहिलेत हे वडिलांना सांगायला. खिडकीकडे तोंड करून पुटपुटत प्रॅक्टिस करतोय, "पप्पा, रागावू नका..." हिरोईन पारोळ्याला उतरणार. डोमिसाईलचं ओरिजिनल घरून घ्यायचं आणि हॉस्टेलचं गेट बंद व्हायच्या आत परत. परतीच्या गाडीची वेळ तिने हातावर पेनने लिहिलीय. (मुलांच्या हॉस्टेलला हा शॉट समजावून सांगावा लागला. मुलींना नाही.)

आता दोघांना अडकवायचं कसं? एसटीने कधी फिरला असाल तर उत्तर माहीत आहे : सुट्टे पैसे! मार्च २०२३ पासून एसटीत महिलांना अर्धं तिकीट आहे. भाडं आम्ही गणित जमेल असं धरलंय. त्याचं फुल १५५, तिचं हाफ ४५. तो दोनशे देतो, ती शंभर. त्याचे ४५ परत, तिचे ५५. कंडक्टर दोघांत मिळून शंभराची एकच नोट देतो आणि पुढे निघून जातो. हिरो म्हणतो, "हाफ तिकीट तुझं आणि जास्त पैसेही तुझेच?" झालं भांडण सुरू.

इथे आमच्या एडिटरने शंका काढली : आजकाल कोण भांडतं, फोनवरून पाठवून देईल की! बरोबर आहे. पण पैसे पाठवायचे तर नंबर तरी द्यावा लागतो नाहीतर कोड दाखवावा लागतो, म्हणजे नाव कळलं. आणि ती अनोळखी मुलाला ते देणार नाही. "सुट्टे कर," एवढंच म्हणते. ही शंका निघाली नसती तर सीन अर्धा राहिला असता, कारण तिला नक्की कशाची काळजी आहे ते इथेच कळतं.

कंडक्टरचा डायलॉग मी लिहिला होता, "कृपया आपापसात वाटून घ्यावेत." कॉन्व्हेंटचं मराठी! मेसच्या मावशी पोळ्या लाटता लाटता हसायला लागल्या. त्यांनी सुधारून दिला, "सुट्टा पैसा नही शेतस भाऊ, दोन्हीजन वाटी ल्या!" आता तोच ठेवलाय.

शेवट असा. एरंडोलला गाडी थांबते, नोट घेऊन हिरो खाली केळीचे वेफर्स घ्यायला धावतो. दुकानदार सुट्टे मोजतोय, तेवढ्यात डबल बेल. त्याची बॅग वर, तिची नोट खाली. तिने गप्प बसायचं की ओरडायचं? ती हातावरची वेळ बघते, मग ओरडते, "काका, थांबवा! माझे पैसे राहिले खाली!" इथे कट, आणि पिक्चरचं नाव. हिरोईनला परत वाचायला दिलं. ती म्हणाली, "मी करते. पण 'काका थांबवा'च्या आधी दोन सेकंद जास्त दे. मी खरंच विचार करेन."

शूटिंगचं थोडक्यात. धावत्या गाडीत इंजिनच्या आवाजापुढे डायलॉग ऐकूच येत नाहीत, म्हणून कॉलेजची बस ग्राऊंडवर उभी करणार. कॅमेरा खालून वर धरायचा, खिडकीत फक्त आभाळ दिसलं पाहिजे. बाहेरून चार जण बस हलवतील. दोघांचे वेगवेगळे शॉट घेताना कॅमेरा कायम पॅसेजच्याच बाजूला, नाहीतर जोडल्यावर दोघं एकाच दिशेला बघतायत असं वाटतं. आणि सकाळी नऊच्या आत संपवायचं, जळगावचं ऊन सर्वांना माहीत आहे. साधनं नाहीत म्हणून रडण्यात अर्थ नाही. धुळ्यापासून तासाभरावर मालेगाव आहे, तिथे शेख नासिर यांनी 'मालेगाव के शोले' काढला तेव्हा डाकूंना घोड्यांऐवजी सायकली दिल्या होत्या.

बाकी सगळी जमवाजमव झालीय. तिकिटाचं मशीन पुठ्ठ्याचं, कंडक्टर मेकॅनिकलचा. शंभराची नोट मात्र खरी लागणार. ती कोण देतंय यावर ग्रुपमध्ये अजून शांतता आहे.