अडखळणारे चित्र आणि तापलेला प्रोसेसर

संगणकावर मोटारशर्यतीचा एखादा खेळ सुरू केला असता पहिली दहा-पंधरा मिनिटे मोटार पडद्यावर अगदी सुरळीत धावते. मग एकाएकी चित्र क्षणभर थबकते, पुन्हा धावू लागते, आणि अर्ध्या मिनिटाने पुन्हा थबकते. संगणक बंद करून तासाभराने चालू केला, तर आरंभीची काही मिनिटे दोष दिसत नाही. असा अनुभव आला म्हणजे यंत्र जुने झाले असा निष्कर्ष बहुधा काढला जातो, आणि महागडे ग्राफिक्स कार्ड विकत आणले जाते. दोष मात्र जिथल्या तिथे राहतो. कारण पुष्कळदा त्याचे मूळ ग्राफिक्स कार्डात नसून प्रोसेसर वाजवीपेक्षा अधिक तापण्यात असते. आणि त्यावरील उपाय काही शे रुपयांची पेस्ट, एक मऊ कुंचला आणि तासभराचा वेळ एवढ्यात भागण्यासारखा असतो.

प्रथम अडखळणे म्हणजे काय ते पाहिले पाहिजे. सिनेमाच्या फितीवर दर सेकंदास २४ चित्रे असतात. परंतु ती आधीच तयार केलेली असतात. संगणकाच्या खेळातील चित्रे मात्र त्या त्या क्षणी घडवावी लागतात. अशा प्रत्येक चित्रास फ्रेम म्हणतात. दर सेकंदास ६० फ्रेम हव्या असतील, तर एका फ्रेमच्या वाट्यास सुमारे १६.७ मिलिसेकंद येतात. समजा, एखाद्या फ्रेमला १६.७ ऐवजी ६० मिलिसेकंद लागले. उरलेल्या ९४० मिलिसेकंदांत ५६ फ्रेम तयार होतील, म्हणजे त्या सेकंदातील एकूण संख्या ५७ भरेल. हा आकडा पाहून कोणीही म्हणेल की यंत्र उत्तम चालले आहे. डोळ्यास मात्र तेवढा एक खंड तत्काळ जाणवतो. म्हणून या दोषाचा विचार करताना सरासरीवर विसंबून चालत नाही. सर्वांत उशिरा आलेली फ्रेम किती उशिरा आली, हे पाहावे लागते.

फ्रेम घडविण्याचे काम दोघे मिळून करतात. मोटार कोठे आहे, ती कशावर आदळली, प्रतिस्पर्धी कोणत्या बाजूस वळला, हा सर्व हिशेब प्रोसेसर करतो व त्याप्रमाणे रंगकामाचे हुकूम ग्राफिक्स कार्डास देतो. हुकूम येण्यास उशीर झाला, तर कार्ड कितीही बलवान असले तरी त्यास हातावर हात ठेवून बसावे लागते. नवे कार्ड आणूनही दोष जात नाही तो यामुळे.

प्रोसेसर का तापतो

१९७१ साली इंटेल कंपनीने ४००४ नावाचा प्रोसेसर बाजारात आणला. त्यात सुमारे २,३०० ट्रान्झिस्टर होते. आजच्या प्रोसेसरात त्यांची संख्या अब्जावधी असते. प्रत्येक ट्रान्झिस्टर उघडला-मिटला, की विद्युत्‌भाराचा एक अत्यल्प अंश साठविला व सोडला जातो, आणि ती ऊर्जा अखेर उष्णतेच्या रूपाने बाहेर पडते. या उष्णतेचे प्रमाण किती वेळा उघडझाप होते त्यावर, म्हणजे वारंवारितेवर, अवलंबून असते. आणि दाबावर, म्हणजे व्होल्टेजवर, त्याच्या वर्गाच्या प्रमाणात अवलंबून असते. वर्गाची ही गोष्ट ध्यानात ठेवण्याजोगी आहे. पुढे तिचा उपयोग होणार आहे.

१९७४ साली रॉबर्ट डेनार्ड आणि त्यांचे सहकारी यांनी असे दाखवून दिले, की ट्रान्झिस्टर लहान करीत जाताना व्होल्टेजही त्याच प्रमाणात उतरविले, तर तेवढ्याच जागेत अधिक ट्रान्झिस्टर बसवूनही उष्णता वाढत नाही. सुमारे तीस वर्षे हा मार्ग उपयोगी पडला. २००५ च्या सुमारास मात्र तो खुंटला. कारण व्होल्टेज फार उतरविले, की बंद असलेल्या ट्रान्झिस्टरांतूनही प्रवाह झिरपू लागतो. तापमान चढले की हे झिरपणेही वाढते, म्हणजे उष्णतेतून आणखी उष्णता निर्माण होते. आज खेळांसाठी वापरला जाणारा प्रोसेसर भरात असताना १०० वॅट किंवा त्याहूनही अधिक उष्णता बाहेर टाकतो. तारेचा जुना १०० वॅटचा दिवा हात भाजण्याइतका तापत असे. तेवढीच उष्णता येथे बोटाच्या नखाएवढ्या तुकड्यातून निघते.

या उष्णतेने प्रोसेसर जळू नये म्हणून त्याच्या अंगातच तापमापक बसविलेला असतो. २००० साली आलेल्या पेंटियम ४ मध्ये ही योजना अशी होती, की मर्यादा गाठताच प्रोसेसर आपला वेग आपणच कमी करी. आता ही सोय सार्वत्रिक झाली आहे. इंटेलच्या अनेक प्रोसेसरांत ही मर्यादा १०० अंश सेल्सिअस असते, तर एएमडी कंपनीच्या रायझेन ५००० मालिकेतील पुष्कळांत ती ९० अंश ठेवलेली आहे.

आता प्रश्न असा, की वेग कमी झाला तर खेळ सर्व वेळ सारखाच मंद चालावयास हवा. तो अडखळतो का? याचे उत्तर विजेच्या इस्त्रीत सापडते. इस्त्री ठराविक तापली, की आतील पट्टी वाकून प्रवाह तोडते. निवली, की पुन्हा जोडते. प्रोसेसरचेही तसेच होते. मर्यादा गाठली, वेग उतरला. वेग उतरल्याने अंग निवले. निवताच वेग पुन्हा चढला आणि तापमान पुन्हा मर्यादेस भिडले. हे चक्र चालू राहते आणि ज्या क्षणी वेग उतरतो त्या क्षणाची फ्रेम उशिरा येते. केवळ मंद यंत्राशी मनुष्य जुळवून घेतो. या चढउतारास मात्र डोळा सरावत नाही.

येथे एक गैरसमज दूर केला पाहिजे. तापमानाचा आकडा मोठा दिसला म्हणजे दोष आहेच, असे नव्हे. २०२२ मध्ये आलेली रायझेन ७००० मालिका पूर्ण भाराखाली ९५ अंशांपर्यंत जाण्यासाठीच रचलेली आहे. तापमान मर्यादेस टेकले आणि त्याच वेळी वेग अपेक्षेहून फार खाली आला, या दोन गोष्टी एकत्र घडल्या तरच तो दोष मानावा.

उष्णतेची वाट

प्रोसेसरच्या तुकड्यातून निघालेली उष्णता त्यावरील धातूच्या झाकणात, तेथून पेस्टच्या थरातून कूलरच्या तळात, तेथून पातळ पत्र्यांच्या चळतीत आणि शेवटी पंख्याच्या वाऱ्यात जाते. या वाटेवर सर्वांत अरुंद जागा कोणती? दोन धातूंचे पृष्ठभाग कितीही गुळगुळीत दिसले तरी त्यांत सूक्ष्म उंचवटे असतात व त्यांमध्ये हवा अडकते. तांबे हवेपेक्षा सुमारे पंधरा हजार पट अधिक चांगले उष्णतावाहक आहे. म्हणून त्या फटींत हवेऐवजी पेस्ट भरतात. पेस्ट तांब्याची बरोबरी करू शकत नाही. पण हवेच्या मानाने ती शंभर-दोनशे पट सरस असते. काही वर्षांनी ती सुकते, तिला भेगा पडतात आणि हवा पुन्हा आत शिरते.

अनेक कूलरांत तळापासून पत्र्यांपर्यंत तांब्याच्या नळ्या गेलेल्या दिसतात. त्या भरीव नसतात. आत थोडेसे द्रव असते. ते तळाशी उकळून वाफ होते, वर जाऊन थिजते आणि आतील सच्छिद्र अस्तरातून परत खाली येते. या योजनेचे पेटंट जनरल मोटर्समधील गॉगलर यांना १९४४ मध्ये मिळाले होते. परंतु तिचे महत्त्व १९६३ मध्ये लॉस अलामॉस येथे जॉर्ज ग्रोव्हर यांनी ती स्वतंत्रपणे सिद्ध केल्यानंतरच लोकांस पटले.

वाटेचे शेवटचे टोक म्हणजे खोलीतील हवा. ठराविक कूलर आणि ठराविक भार असता प्रोसेसर खोलीपेक्षा किती अंश वर राहील, हे जवळजवळ ठरलेले असते. समजा, हा फरक ६० अंश आहे. २५ अंशांच्या खोलीत प्रोसेसर ८५ अंशांवर राहील. मे महिन्यात नागपूर-अकोल्याकडील खोलीत ४० अंश असतील, तर तोच प्रोसेसर १०० वर जाईल आणि अडखळू लागेल. पत्र्यांत धूळ बसून फरक ७५ झाला असेल, तर २५ अंशांच्या हवेतही तीच अवस्था होईल.

निदान आणि उपाय

अडखळण्याची कारणे इतरही असतात. एखाद्या जागी प्रथम गेल्यावर अडखळले आणि दुसऱ्या वेळी नाही, तर खेळ आपली रंगकामाची साधने त्या वेळी तयार करीत असतो. तो उष्णतेचा दोष नव्हे. जाळ्यावरून खेळताना पार्श्वभूमी सुरळीत सरकते पण इतर खेळाडू उड्या मारतात, तर दोष जोडणीचा. उष्णतेचा दोष काही मिनिटांनी सुरू होतो आणि विश्रांतीनंतर नाहीसा होतो. खात्रीसाठी तापमान व वारंवारिता नोंदविणारा एखादा प्रोग्राम चालू ठेवून अर्धा तास खेळावे आणि दोन्ही आकडे शेजारी ठेवून पाहावेत. याहून सोपी परीक्षा म्हणजे पेटीचे झाकण काढून समोर टेबलफॅन लावणे. एवढ्याने अडखळणे थांबले, तर शंकेस जागा उरत नाही.

साफ करण्यापूर्वी संगणक बंद करून विजेची तार भिंतीतून काढावी, आणि पेटीच्या उघड्या धातूस हात लावून अंगावरील स्थिरविद्युत घालवावी. धूळ ब्लोअरने उडविताना पंख्याचे पाते बोटाने धरून ठेवावे. वाऱ्याच्या जोराने ते भलत्या वेगाने फिरले तर बेअरिंग बिघडते. पेस्ट बदलण्यासाठी यंत्र थोडे गरम असताना कूलर हलकेच पिळून सोडवावा, कारण सुकलेल्या पेस्टने चिकटलेला कूलर ओढला तर काही जातींचे प्रोसेसर खाचेतून उपटून येतात. जुना थर आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसून मध्यभागी वाटाण्याएवढी नवी पेस्ट ठेवावी. अधिक पेस्ट म्हणजे अधिक थंडावा ही समजूत चुकीची आहे. जाड थर उष्णतेस अडथळाच करतो. कूलरचे स्क्रू समोरासमोरचे, थोडेथोडे करून आवळावेत. नव्या कूलरच्या तळावरील प्लास्टिकची फीत काढावयाची राहून जाणे ही चूक वाटते त्याहून पुष्कळ अधिक आढळते.

आता वर्गाच्या नियमाकडे वळावे. व्होल्टेज १.२५ वरून १.१५ वर आणले, तर ते ८ टक्क्यांनीच उतरते. पण उष्णता १५ टक्क्यांनी घटते. सोबत वारंवारिता ५ टक्के उतरविली तर घट २० टक्क्यांच्या आसपास जाते, आणि खेळात तो फरक क्वचितच जाणवतो. मात्र व्होल्टेज फारच उतरविले तर संगणक मध्येच बंद पडतो, म्हणून पायरीपायरीने जावे. पुष्कळ लॅपटॉपांत ही सोय २०१९ मध्ये प्लंडरव्होल्ट नावाची सुरक्षेतील त्रुटी उघड झाल्यानंतर बंद करण्यात आली. तेथे दर सेकंदाच्या फ्रेमना मर्यादा घालणे हा उपाय उरतो. लॅपटॉप गादीवर ठेवला तर तळाची हवेची वाट बंद होते, हे सांगावयास नकोच.

क्वचित दोष धुळीचा वा पेस्टचा नसून यंत्रात भरलेल्या आज्ञावलीचाही असतो. २०१८ च्या जुलैमध्ये ॲपलच्या नव्या मॅकबुक प्रोचा वेग मोठ्या भाराखाली फार उतरत असल्याचे दिसून आले. उष्णता-नियंत्रणाच्या आज्ञावलीतील एक उणीव कंपनीने मान्य केली आणि त्याच महिन्यात दुरुस्ती दिली. म्हणून पेटी उघडण्यापूर्वी निर्मात्याने काही सुधारणा पुरविली आहे काय, ते पाहावे.

काम झाल्यावर तोच खेळ, तेवढाच वेळ पुन्हा चालवून खोलीचे तापमान, प्रोसेसरचे सर्वोच्च तापमान आणि वारंवारितेचा नीचांक अशा तीन नोंदी कराव्यात. खोलीशी असलेला फरक ७५ वरून ६० वर आला असेल, तर उष्णतेची वाट मोकळी झाली. वारंवारिता स्थिर राहूनही चित्र अडखळत असेल, तर पुढील तपास मेमरी आणि डिस्क यांचा करावा लागेल.