एकतीस मिलिमीटरचा धडा

कला शाखेच्या विद्यार्थ्याने विमानाच्या एरियलवर लेख लिहावा, हे पाहून विज्ञान शाखेतील मित्र कदाचित नाके मुरडतील. पण ठेच काही शाखा पाहून लागत नाही. मला लागलेली ठेच इतरांच्या उपयोगी पडावी, एवढाच या लेखाचा हेतू.

एन. सी. सी.च्या हवाई विभागात असल्यामुळे मला रेडिओवर चालणारी छोटी विमाने उडविण्याचा नाद लागला. दिवाळीच्या सुट्टीपासून संक्रांतीपर्यंत खपून मी बाल्सा लाकडाचे एक विमान बांधले. पंखांना ताठपणा यावा म्हणून त्यांत कार्बन तंतूंची नळी घातली. रिसीव्हरमधून मिशांसारख्या दोन बारीक तारा बाहेर आल्या होत्या. त्या लोंबकळताना बऱ्या दिसेनात, म्हणून दोन्ही एकत्र जुळवून त्या नळीलाच चिकटपट्टीने बांधून टाकल्या. काम मोठे नेटके झाले, असे तेव्हा वाटले!

पहिल्या दोन फेऱ्या झकास झाल्या. तिसऱ्या फेरीत विमान दूर जाऊन वळले आणि माझे काही ऐकेनासे झाले. मैदानाच्या कडेला मुले क्रिकेट खेळत होती. त्यांच्यापासून वीसएक पावलांवर ते आदळले. विमान मोडल्याचे दुःख मागाहून झाले. आधी त्या मुलांकडे पाहून अंगाला दरदरून घाम फुटला. आमच्या सरांनी अवशेष हातात घेतले, त्या तारा पाहिल्या आणि म्हणाले, "अरे, कान बांधून ठेवलेस आणि ऐकू येत नाही म्हणतोस?"

एरियल म्हणजे रिसीव्हरचा कान, हे त्या दिवशी कळले. रेडिओलहरींचा वेग सेकंदाला सुमारे ३० कोटी मीटर. त्याला कंपनसंख्येने भागले की तरंगलांबी मिळते. साध्या तारेचे एरियल या लांबीच्या एक चतुर्थांश असले, की ते चांगले काम देते. पूर्वी अमेरिकेत ही विमाने ७२ मेगाहर्ट्झवर उडत. तिथे तरंगलांबी ४ मीटरांहून थोडी जास्त. म्हणून विमानाच्या शेपटीपर्यंत मीटरभर तार ताणलेली असे. आता बहुतेक संच २.४ गिगाहर्ट्झवर चालतात. तरंगलांबी साडेबारा सेंटिमीटर, आणि तिचा चौथा हिस्सा अवघा ३१ मिलिमीटर! बाहेर दिसणारी तार याहून लांब असते खरी. पण तिच्या बऱ्याच भागावर धातूच्या जाळीचे वेष्टन असते. तो भाग केवळ वाहक. ऐकते ते शेवटचे उघडे टोक. म्हणूनच ते कापू नये, दुमडू नये, गुंडाळू नये.

दुसरी गोष्ट दिशेची. सरळ तारेला तिच्या आडव्या अंगाने उत्तम ऐकू येते. टोकाच्या रोखाने मात्र जवळजवळ काहीच नाही. तारेभोवती मेदूवडा कल्पावा आणि त्याच्या भोकातून तार गेलेली आहे असे समजावे. भोकाच्या दिशेला ती बहिरी. विमान तर आकाशात सारखे अंग बदलत असते. म्हणून दोन एरियले असतात आणि ती परस्परांशी काटकोनात बसवायची असतात, म्हणजे एक बहिरे झाले तरी दुसरे ऐकते. मी दोन्ही एकाच दिशेला बांधून त्यांतील एक फुकट घालविले होते. हातातील ट्रान्समीटरलाही हाच नियम लागू. त्याचे टोक विमानावर रोखू नये.

तिसरी गोष्ट शेजाराची. बाल्सा, फोम, प्लायवूड यांतून या लहरी सुखाने जातात. धातू आणि कार्बन तंतू त्यांना अडवितात. माझ्या तारा कार्बनच्याच अंगाला लगटल्या होत्या! बॅटरी, मोटर आणि तिच्या जाड तारा यांपासूनही टोके दूर ठेवावीत. सगळा सांगाडाच कार्बनचा असेल, तर टोके बाहेर काढावीत.

रिसीव्हर निवडतानाही हेच ध्यानात धरावे. जवळपास उडणाऱ्या हलक्या फोमच्या विमानाला एका एरियलचा छोटा रिसीव्हर चालू शकतो. त्याचा पल्ला किती, ते माहितीपत्रकात पाहावे. मोठ्या, दूर जाणाऱ्या किंवा कार्बन असलेल्या विमानाला दोन एरियलांचाच घ्यावा.

नवे विमान बांधताना मी टोके शीतपेयाच्या प्लॅस्टिक नळ्यांत घालून सरळ ठेवली. एक उभे, एक आडवे. मग पल्ल्याची चाचणी घेतली. ट्रान्समीटरची शक्ती मुद्दाम कमी करण्याची सोय असते. ती वापरून माहितीपत्रकात सांगितलेल्या अंतरावर, आमच्या संचाला तीस पावलांवर, उभे राहायचे. मित्राने विमान मागून घट्ट धरून सर्व बाजूंनी फिरवायचे. पंख्याच्या रेषेत कोणी थांबायचे नाही. आधी मोटर बंद, मग चालू. सुकाणू कुठेही अडखळले, तर त्या दिवशी उड्डाण नाही.

आणखी एक. संपर्क तुटला तर मोटर आपोआप थांबावी, अशी 'फेलसेफ' नावाची योजना रिसीव्हरमध्ये असते. ती मी लावलीच नव्हती. पडल्यावरही पंखा फिरत होता. आता ट्रान्समीटर क्षणभर बंद करून मोटर थांबते का, हे विमान जमिनीवर असतानाच पाहतो.

नवे विमान पोटातून पाहिले, तर पहिल्याइतके देखणे नाही. तारा दोन दिशांना गेलेल्या, नळ्या तिरक्या चिकटविलेल्या. पण ते ऐकते. डोळ्यांना नेटके दिसते ते कामाला नेटके असतेच असे नाही, हे मला त्या मोडक्या विमानाने शिकविले. आणि मैदानावर मुले खेळत असली, की त्यांचा डाव संपेपर्यंत थांबायलाही!