मधुमेह आणि डोळे : चष्म्याचा नंबर काढला म्हणजे तपासणी झाली नाही

"दोन महिन्यांपूर्वीच चष्मा बदलला, डोळे अगदी उत्तम आहेत," असे मधुमेह असलेली आपल्यातील बरीच मंडळी सांगतात. चष्म्याचा नंबर काढणे आणि मधुमेहासाठी डोळे तपासणे या दोन निराळ्या गोष्टी आहेत, हे सांगण्यासाठीच हा लेख.

विषय आपल्या घरातलाच आहे. शिकागो आणि सॅन फ्रान्सिस्को परिसरातील दक्षिण आशियाई लोकांचा 'मसाला' नावाचा अभ्यास २०१० साली सुरू झाला. (नाव ठेवणाऱ्याच्या कल्पकतेला दाद द्यायला हवी!) २०१४ साली प्रसिद्ध झालेल्या त्याच्या निष्कर्षांत, वयाचा फरक जमेस धरून, आपल्या लोकांत मधुमेहाचे प्रमाण २३ टक्के आढळले, तर तुलनेसाठी घेतलेल्या गोऱ्या अमेरिकनांत ते ६ टक्के होते. अंगाने सडपातळ असणाऱ्यांनीही यातून स्वतःला वगळू नये.

डोळ्याच्या आत मागच्या बाजूला दृष्टिपटल, म्हणजे रेटिना, असते. कॅमेऱ्यात फिल्मचे जे काम, तेच डोळ्यात त्याचे. रक्तातील साखर वर्षानुवर्षे जास्त राहिली की तेथील केसासारख्या बारीक रक्तवाहिन्या कमकुवत होतात, फुगतात, पाझरू लागतात. पुढे नव्या, ठिसूळ वाहिन्या फुटतात आणि त्यांतून डोळ्यात रक्तस्राव होतो. हे सारे चालू असताना डोळा दुखत नाही, लाल होत नाही, आणि तक्त्यावरची शेवटची ओळसुद्धा नीट वाचता येते. दिसायला त्रास होऊ लागतो तेव्हा बरेच नुकसान होऊन गेलेले असते.

म्हणून औषधाचे थेंब घालून बाहुली मोठी करून दृष्टिपटल पाहावे लागते. ऑप्टोमेट्रिस्ट किंवा ऑफ्थॅल्मॉलॉजिस्ट, दोघेही ही तपासणी करू शकतात. नंतर काही तास जवळचे धूसर दिसते व उजेड सहन होत नाही, तेव्हा काळा चष्मा न्यावा आणि गाडी चालवायला कोणी बरोबर असावे. टाइप २ मधुमेहाचे निदान होताच पहिली तपासणी करावी, कारण साखर त्याआधी किती वर्षे वाढलेली होती हे कोणास ठाऊक! टाइप १ असल्यास निदानानंतर पाच वर्षांच्या आत. पुढे दरवर्षी. दृष्टिपटल स्वच्छ आणि साखर आटोक्यात असेल तर डॉक्टर दोन वर्षांनी या म्हणतील, पण ते त्यांनी म्हणावे, आपण नव्हे. आधीपासून मधुमेह असलेल्या स्त्रियांनी गरोदरपणापूर्वी किंवा पहिल्या तिमाहीत तपासणी करावीच. ओझेम्पिकसारखी इंजेक्शने सुरू करणाऱ्यांनीही आधी डोळे दाखवावेत. साखर झपाट्याने उतरली तर आधीच बिघडलेले दृष्टिपटल काही काळ अधिक बिघडू शकते.

दोष वेळीच सापडला तर उपाय आहेत. लेसरने दृष्टी वाचते, पण गेलेली सहसा परत येत नाही. दृष्टिपटलाला मध्यभागी सूज असेल तर डोळ्यात इंजेक्शन देतात. (ऐकून अंगावर काटा येतो, पण डोळा आधी बधिर करतात.) २०१५ सालच्या एका मोठ्या तुलनेत, दृष्टी फारशी घटलेली नसताना अवास्टिन, ल्युसेंटिस आणि आयलिया यांचा गुण सारखाच आला. दृष्टी जास्त घटलेली असताना पहिल्या वर्षी आयलिया सरस ठरले. त्या वेळच्या किमती एका डोसला अनुक्रमे सुमारे ५०, १२०० आणि १९५० डॉलर होत्या! इंजेक्शने एकदा घेऊन भागत नाही, सुरुवातीला दरमहा घ्यावी लागतात. त्यामुळे कोणते औषध आणि का, हे डॉक्टरांना विचारण्यात संकोच नसावा.

आता पैशाचे. नोकरीतून मिळणारा व्हिजन प्लॅन मुख्यतः चष्म्यासाठी असतो. मधुमेहाची नेत्रतपासणी साधारणपणे मेडिकल इन्शुरन्सकडे जाते. अपॉइंटमेंट घेतानाच "मला डायबेटिस आहे, त्यासाठी तपासणी हवी" असे सांगावे, नाहीतर बिल भलत्याच ठिकाणी जाऊन परत येते. मेडिकेअर पार्ट बी मधुमेहींना वर्षातून एकदा ही तपासणी देते. डिडक्टिबल भरल्यावर २० टक्के आपल्याला द्यावे लागतात. नंबर काढण्याचे पैसे मात्र मेडिकेअर देत नाही.

ग्रीनकार्डावर आलेल्या ६५ वर्षांवरील आईवडिलांना, येथे स्वतःची वा जोडीदाराची पुरेशी नोकरी झालेली नसल्यास, सलग पाच वर्षे राहिल्यावरच मेडिकेअर विकत घेता येते. व्हिजिटर व्हिसावर येणाऱ्यांच्या बहुतेक पॉलिसी आधीपासूनच्या आजाराचा खर्च देत नाहीत. तेव्हा आईबाबा सहा महिन्यांसाठी येणार असतील तर तिकीट काढतानाच त्यांना पुण्या-नाशकात दृष्टिपटल तपासून घ्यायला सांगावे. रिपोर्ट आणि दृष्टिपटलाचा फोटो हातातल्या पिशवीत ठेवावा, चेक-इनच्या बॅगेत लोणच्याच्या बरणीशेजारी नको.