दिवाणखान्यातील टीपॉय : जुना घ्यावा की नवा?

फर्निचरच्या दुकानात ज्याला कॉफी टेबल किंवा सेंटर टेबल म्हणतात, त्याला आपल्या घरांतून टीपॉय म्हणण्याची रीत आहे. शब्द इंग्रजी वाटतो, पण मूळ आपलेच. तीन पायांची ती तिपाई; मराठीत तिवई. इंग्रजांनी तिपाईचे टीपॉय केले आणि त्यातल्या ‘टी’चा संबंध चहाशी जोडून टाकला. पुढे पायांचे तीनाचे चार झाले, शब्द मात्र फिरून आपल्याकडे आला.

नवे घर घेतले किंवा घरात लग्न ठरले की ही वस्तू बहुधा सर्वांत शेवटी खरीदली जाते, म्हणजे पैसे संपत आलेले असताना. त्यामुळे फसगतही हिच्यातच अधिक होते. आम्ही कापडाच्या धंद्यातले. थान उलटून पाहिल्याशिवाय आणि किनार तपासल्याशिवाय आम्ही भाव बोलत नाही. लाकडाच्या मालालाही हीच कसोटी लावावी असे आमचे मत आहे. वरची बाजू दुकानदार दाखवतो, खालची आपण पाहायची असते.

आधी माप घ्यावे. टीपॉयची उंची सोफ्याच्या बैठकीइतकी किंवा एक-दोन इंच कमी असावी, म्हणजे साधारण १६ ते १८ इंच. लांबी सोफ्याच्या दोन तृतीयांश पुरते. सोफा आणि टीपॉय यांच्यात १५ ते १८ इंच जागा हवी, नाहीतर चहा देणाऱ्याला वाकडे होऊन जावे लागते. गादी-तक्क्यांची बैठक असेल तर १० ते १२ इंचांचे चौरंगवजा टेबलच योग्य. हॉल लहान असेल तर एकाखाली एक सरकणारी तीन टेबले मोठ्या टीपॉयपेक्षा अधिक कामाची. घरात लहान मुले असतील तर गोल किंवा अंडाकृती घ्यावा.

आता जुन्या मालाकडे वळू. मुंबईत त्यासाठी लोक चोर बाजारातील मटन स्ट्रीटला जातात किंवा जोगेश्वरीच्या ओशिवरा बाजारात. तेथे विक्रेता सहज सांगतो, “साहेब, हा कॉफी टेबल दोनशे वर्षांचा आहे.” येथेच सावध व्हावे. सोफ्यापुढे ठेवायचे बुटके टेबल ही चीज मुख्यतः विसाव्या शतकातली. त्याआधीची टेबले उंच असत. तेव्हा दोनशे वर्षांचा बुटका टेबल बहुधा उंच टेबलाचे पाय कापून केलेला असतो, नाहीतर जुन्या दरवाजाला किंवा खिडकीच्या जाळीला पाय लावून वर काच टाकलेली असते. अशी वस्तू वाईट असते असे नाही. पुष्कळदा ती देखणी आणि मजबूतही असते. पण तिचा भाव जुन्या दरवाजाचा द्यावा, जुन्या टेबलाचा नव्हे. पाय कापले असतील तर खालचे टोक ताजे दिसते, आणि पायाचे नक्षीकाम मध्येच तुटल्यासारखे वाटते.

खरा जुना माल ओळखण्याच्या काही खुणा आहेत. लाकूड वर्षानुवर्षे आडव्या अंगाने आकसते, उभ्या अंगाने जवळजवळ नाही. म्हणून जुने गोल टेबल टेपने दोन्ही बाजूंनी मोजले तर किंचित लांबट भरते. अगदी तंतोतंत गोल निघाले तर वयाबद्दल शंका घ्यावी. फुलीच्या खाचेचे स्क्रू १९३० नंतरच्या दशकांत प्रचारात आले. शंभर वर्षांच्या म्हणून सांगितलेल्या टेबलात ते दिसले तर एकतर दुरुस्ती झाली आहे किंवा वय खोटे आहे. किडीची भोके दाखवून वस्तू जुनी असल्याचे पटवून देणारेही भेटतात. कीड लाकडात वाकडीतिकडी फिरते. बारीक तार आत घातली आणि ती सरळ गेली, तर ते काम ड्रिलचे समजावे. भोकांतून ताजा, पिठासारखा भुसा गळत असेल तर मात्र कीड जिवंत आहे. अशी वस्तू फुकट मिळाली तरी घरात आणू नये, ती इतर फर्निचरलाही लागते.

सागवानाला वाळवी सहसा लागत नाही, ही गोष्ट खरी आहे. पण ती गाभ्याच्या लाकडाबद्दल. सालीकडचा फिकट भाग लवकर खराब होतो. म्हणून पायांच्या आतल्या बाजूला आणि फळीखाली फिकट पट्टे किती आहेत ते पाहावे. पॉलिश लाखेचे आहे का हे तपासायचे तर मालकाची परवानगी घेऊन खालच्या कोपऱ्यावर स्पिरिटचा बोळा टेकवावा. लाखेचे असेल तर ते चिकट होते. लाखेचे पॉलिश नजरेला फार गोड, पण गरम कप ठेवला की पांढरे वर्तुळ उठते.

नव्या मालात बहुतेक ठिकाणी अखंड लाकूड नसतेच. प्लायवुड, एमडीएफ किंवा पार्टिकल बोर्ड आणि त्यावर सागाचा पातळ पापुद्रा किंवा सनमायका. विणीतच रंगीत सूत असलेले कापड आणि वरून छापलेले कापड यांत जो फरक, तोच येथे. छापील कापड विकणे गुन्हा नाही, विणीचे म्हणून विकणे गुन्हा आहे. फळीची कड पाहावी. वरच्या रेषा कडेवरून खाली उतरत असतील तर लाकूड अखंड आहे. कडेला वेगळी पट्टी चिकटवलेली असेल तर आत काय आहे ते विचारावे आणि बिलावर लिहून घ्यावे. प्लायवुडवर आयएस ३०३ किंवा आयएस ७१० हा शिक्का असतो. दुसरा पाण्याला अधिक टिकणाऱ्या मरीन प्लायचा. पार्टिकल बोर्ड मात्र कडेतून पाणी शिरले की फुगते आणि पुन्हा बसत नाही. कोकणात किंवा मुंबईत तळमजल्यावर राहणाऱ्यांनी तो टाळलेला बरा. काचेचा टीपॉय घेणार असाल तर काच टफन्ड असावी. ती फुटली तर बोथट दाण्यांसारखी फुटते, साध्या काचेसारख्या सुऱ्या होत नाहीत. टफन्ड काच नंतर कापता येत नाही, तेव्हा माप आधीच पक्के करावे.

हप्त्यावर घेताना ‘शून्य व्याज’ या शब्दावर जाऊ नये. शून्य टक्के व्याज असे काही नसते, हे रिझर्व्ह बँकेने २०१३ सालीच बँकांना बजावले होते. व्याज बहुधा रोखीच्या सवलतीत किंवा प्रक्रिया शुल्कात दडलेले असते. दुकानदाराला रोखीचा भाव विचारावा, दोन्ही आकडे समोरासमोर मांडावेत.

जुन्या मालाचा व्यापार करणाऱ्या बांधवांसाठी दोन शब्द. खरीदीवर इनपुट क्रेडिट घेतले नसेल आणि वस्तूचे स्वरूप बदलेल असे काम केले नसेल, तर जीएसटी खरीदी व विक्री यांतील फरकावर बसतो, पूर्ण किमतीवर नाही. त्यासाठी खरीदीचा कागद सांभाळावा लागतो. आणि खरोखरच शंभर वर्षांवरची कलावस्तू असेल तर १९७२ चा पुरावशेष कायदा लागू होतो. तिच्या विक्रीच्या धंद्याला परवाना लागतो, आणि खासगी व्यापाऱ्याला ती परदेशी पाठवता येत नाही. परदेशातील नातेवाइकांना भेट म्हणून पाठवू पाहणाऱ्यांनीही हे ध्यानात घ्यावे.

पण आम्हाला खरी हळहळ वाटते ती वेगळ्याच गोष्टीची. आजोबांच्या वेळचा सागवानी टीपॉय डगमगतो म्हणून भंगारवाल्याला द्यायचा आणि त्याच जागी हप्त्यावर पार्टिकल बोर्डाचा आणायचा, असे व्यवहार आम्ही कित्येक घरांत पाहिले आहेत. भंगारवाला त्याला घासूनपुसून बाजारात मांडतो आणि गिऱ्हाईक त्याला ‘अँटिक’ म्हणून घेऊन जाते. टीपॉय डगमगतो तो बहुतेक वेळा सांध्यातला सरस सुकल्यामुळे. चांगला मिस्त्री सांधा सोडवून, जुना सरस खरवडून, पुन्हा शिकंजात आवळतो आणि एका रात्रीत काम होते. विकण्याआधी मिस्त्रीला बोलवावे. वर मेलामाइन किंवा पीयू पॉलिश करून घेतले की गरम कपाचीही फारशी चिंता राहत नाही. मात्र जुने पॉलिश मशीनने खोलवर घासू देऊ नये. लाकडाचा पिकलेला रंग त्यात जातो, आणि पापुद्र्याचे काम असेल तर पापुद्राच निघून येतो. हे मजुरी ठरवतानाच सांगून ठेवावे.